बालामाचं ९५ टक्के फ्लेक ग्राफाइट ते बॅटरीचा ॲनोड: अडतं नेमकं कुठे?

विजेरी

नमस्कार मंडळी. मोझांबिकच्या बालामा खाणीचं ग्राफाइट कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगडातून वेगळं काढलेलं ग्राफाइट, ९५ ते ९६ टक्के कार्बनचं मिळतं. बॅटरीच्या ॲनोडला, म्हणजे ऋण टोकाला, ९९.९५ लागतं. कागदावर फरक पाच टक्क्यांचाही नाही. तरी आफ्रिकेतला बॅटरीकडे जाणारा बहुतेक माल आधी चीनला जातो, तिथे गोल होतो, शुद्ध होतो, त्यावर लेप चढतो आणि मगच सेल बनवणाऱ्याकडे पोहोचतो.

समजा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षाला २,००० टन लेपित गोलाकार ग्राफाइट बनवणारं छोटं युनिट उभं करायचं आहे. कॉन्सन्ट्रेट किती लागेल? मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर यांतलं कुठलं घ्यावं? नमुना हातात आल्यावर काय तपासावं? आणि पैसे कुठे बुडतात? शिवाय एक बाळबोध प्रश्न: हे सगळं खाणीवरच का करत नाहीत?

गाळणी

आधी हिशोब करू.

फ्लेक, म्हणजे ग्राफाइटचे चपटे पापुद्रे, गोल करताना निम्म्याहून जास्त माल बारीक भुकटी होऊन बाजूला पडतो. चांगल्या ओळीत उतारा, म्हणजे गोल होऊन हाती येणारा माल, ४० ते ५० टक्के मिळतो, ४५ धरा. शुद्धीकरणात राख जाते, धुलाईत आणि गाळणीत थोडा माल निसटतो, त्यात आणखी पाच-सहा टक्के गेले. लेपाचा कार्बन दोन-तीन टक्के वजन परत आणतो. एकंदर साडेचार ते पावणेपाच हजार टन कॉन्सन्ट्रेट लागेल. बालामाच्या साठ्यात सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास ग्राफाइट कार्बन आहे. खाणीवरची वसुली ८५ टक्के धरली तर १०० टन खनिजातून १४ टन कॉन्सन्ट्रेट निघतं. म्हणजे तुमच्यासाठी वर्षाला ३२-३४ हजार टन दगड उपसला जाईल. बालामाची रचना वर्षाला साडेतीन लाख टन कॉन्सन्ट्रेटसाठी केलेली आहे, त्यापुढे तुमची मागणी किरकोळ ठरते. तयार मालाकडून बघायचं तर एका किलोवॉट-तासाला साधारण एक किलो ग्राफाइट लागतं. २,००० टन म्हणजे सुमारे दोन गिगावॉट-तास, म्हणजे ६० किलोवॉट-तासाच्या बॅटरीच्या ३३ हजार गाड्या.

आता "पाच टक्क्यांचाही फरक नाही" याबद्दल. कार्बनचा आकडा बाजूला ठेवा आणि राखेचा बघा. कॉन्सन्ट्रेटमध्ये राख ५ टक्के, तयार मालात ०.०५ टक्के. राख शंभरपटीने कमी करायची आहे, तीही कार्बनचा कण न मोडता. एवढं लक्षात घेतलं की पुढचा खर्च समजतो.

खाणीवर काय होतं ते थोडक्यात. ग्राफाइटला पाणी चिकटत नाही, म्हणून फ्लोटेशन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडून ग्राफाइट फेसावर तरंगवणं, मुळात सोपं आहे. टनामागे दोन-तीनशे ग्रॅम डिझेल किंवा केरोसीन, थोडा फेस आणणारा अल्कोहोल, आणि पायराइट असेल तर चुन्याने सामू साडेआठ-नऊपर्यंत चढवायचा. अवघड भाग दळणाचा. सुरुवातीलाच बारीक दळलं तर मोठे फ्लेक मोडतात आणि त्यांची किंमत गेली. म्हणून पहिलं दळण मुद्दाम जाडं ठेवतात, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जाड. एकदा तरंगवून जो फेस मिळतो तो हलक्या घासणीच्या गिरणीतून काढतात, परत तरंगवतात, परत घासतात. चार-पाच वेळा असं केल्यावर ९५ येतं. या घासणीत लोखंडी गोळे वापरले तर लोखंड मालात उतरतं आणि पुढे आम्लावर त्याचा खर्च होतो. सिरॅमिकचे मणी वापरणाऱ्या खाणीचा माल थोडा महाग पडला तरी घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

९५-९७ च्या पुढे फ्लोटेशन का जात नाही? उरलेला दगड फ्लेकच्या बाहेर नसतोच. अभ्रक आणि मातीची खनिजं ग्राफाइटच्या थरांच्या मधोमध दबलेली असतात. ते कण ग्राफाइटसोबतच तरंगतात. बालामाच्या खनिजात व्हॅनेडियम असलेलं अभ्रक आहे, त्यामुळे राखेच्या तपशिलात व्हॅनेडियमची ओळ जरूर मागा.

भट्टीकर

गाळणींनी खाणीपर्यंत नेलं, मी पुढचं घेतो.

क्रम असा: बारीक करणं, गोल करणं, शुद्ध करणं, लेप देणं, चाळणं, चुंबकावरून काढणं, सीलबंद पिशवी. १०० मेशखालचा, म्हणजे दीडशे मायक्रॉनहून लहान फ्लेक आधी हवेच्या गिरणीत वीसेक मायक्रॉनवर आणतात. मग एकापाठोपाठ एक लावलेल्या वीसेक आघात गिरण्यांतून तो फिरतो. प्रत्येक गिरणीमागे हवेचं वर्गीकरण यंत्र असतं, ते भुकटी बाहेर खेचतं. चपटा फ्लेक कडांनी मुडपत जातो आणि कोबीच्या गड्ड्यासारखा थरावर थर मिटतो. बाहेर पडणाऱ्या मालाचा मधला आकार १० ते २० मायक्रॉन हवा, ठोकून मोजलेली घनता घन सेंटिमीटरला ०.९५ ग्रॅमच्या वर हवी.

इथे चुकतं ते असं. वर्गीकरणाच्या चाकाचा वेग जास्त ठेवला तर भुकटी मालातच राहते, पृष्ठफळ वाढतं आणि सेलमध्ये पहिल्याच चार्जिंगला लिथियम वाया जातं. वेग कमी ठेवला तर चांगला मालही भुकटीसोबत जातो आणि ४५ चा उतारा ३५ वर येतो. गिरणीचं अस्तर झिजलं की मालात लोखंड वाढतं. आणि खाणीने फ्लेकची जाडी बदलली, म्हणजे पिटच्या (खाणीच्या खड्ड्याच्या) दुसऱ्या भागातला दगड घेतला, तर तुमची सगळी मांडणी परत लावावी लागते. कॉन्सन्ट्रेटच्या प्रमाणपत्रात फ्लेकच्या जाडीचा आकडा नसतो, त्यामुळे ही अडचण खरेदीच्या वेळी दिसत नाही.

शुद्धीकरणाची रूढ पद्धत हायड्रोफ्लोरिक, हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाची. पहिलं आम्ल सिलिकेट फोडतं, म्हणजे थरात दबलेलं अभ्रकही सुटतं. बाकीची दोन धातू विरघळवतात. तापमान फार लागत नाही, वेळ काही तास. मग शुद्ध पाण्याने धुवत राहायचं, धुलाईच्या पाण्याची वाहकता बसेपर्यंत.

खर्च आम्लाचा कमी आणि त्याच्या विल्हेवाटीचा जास्त. समजा टनामागे २०० किलो हायड्रोफ्लोरिक लागलं, शंभर टक्के तीव्रतेवर मोजून. ते निष्प्रभ करायला सुमारे ३७० किलो विझवलेला चुना लागतो आणि ३९० किलो कोरडं कॅल्शियम फ्लोराइड तयार होतं. फिल्टरमधून ते अर्धं पाणी घेऊनच निघतं, म्हणजे टन मालामागे पाऊण टन ओला गाळ. चुन्याने पाण्यातलं फ्लोराइड लिटरला १०-२० मिलिग्रॅमपर्यंतच उतरतं. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे, तेव्हा तुरटी किंवा ॲल्युमिना वापरून दुसरा टप्पा टाकावाच लागेल. तो टप्पा नकाशात न धरलेले प्रकल्प अहवाल बरेच दिसतात. बाकी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल प्रत्येक पाळीला हाताशी हवी. या आम्लाचा डाग आधी दुखत नाही आणि आत हाडापर्यंत जातो, म्हणून "नंतर बघू" इथे चालत नाही.

लेपासाठी उच्च मृदुबिंदूचा पिच, म्हणजे जास्त तापमानालाच मऊ होणारा डांबरासारखा पदार्थ, दळून मालात मिसळतात, तीन ते दहा टक्के. नायट्रोजनमध्ये ११०० ते १३०० अंशांवर भाजतात. पिचचा पातळ, अस्फटिक कार्बन होतो आणि पृष्ठफळ ग्रॅममागे पाच-सात चौरस मीटरवरून तीनच्या खाली येतं. भट्टीची झडप गळाली आणि ऑक्सिजन शिरला तर कडेचा माल जळतो. पिच जास्त झाला तर कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात, ते फोडताना लेप तडकतो आणि केलेली मेहनत तिथेच संपते.

विजेरी

दोघांचे आभार. सगळ्यात जास्त डोळे उघडले ते राखेच्या हिशोबाने. दोन उपप्रश्न. हायड्रोफ्लोरिक टाळता येतं का? आणि उरलेल्या अडीच हजार टन भुकटीचं काय करायचं?

भट्टीकर

टाळता येतं, दोन मार्गांनी.

पहिला अल्कलीचा. कॉस्टिक सोडा मिसळून पाच-सातशे अंशांवर भाजायचं. सोडा ३१८ अंशांना वितळतो आणि सिलिकेटना पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणतो. मग धुवायचं, मग हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिकने उरलेलं काढायचं. फ्लोराइडचा प्रश्न मिटतो, पण मिठाचं पाणी भरपूर निघतं, आणि ९९.९ नंतरचे शेवटचे शतांश फार हट्टी असतात. धुलाई घाईत केली तर विरघळलेली सिलिका सामू उतरताना जेल होऊन परत कणांवर बसते, आणि फिल्टरचं कापड तुंबतं. म्हणून आम्ल घालण्याआधी कॉस्टिकचं पाणी पूर्ण निघालंच पाहिजे. टांझानियातल्या एपांको प्रकल्पामागची कंपनी हायड्रोफ्लोरिक न वापरणारी स्वतःची पद्धत पुढे आणते आहे.

दुसरा उष्णतेचा. २८०० ते ३००० अंशांना जवळपास सगळी अशुद्धी वाफ होऊन जाते. रसायन नाही, गाळ नाही, शुद्धता उत्तम. मात्र सगळा भार विजेवर. वीज स्वस्त आणि अखंड असेल तरच याचा विचार करा. मध्येच वीज गेली तर अर्धवट तापलेला घाणा परत पहिल्यापासून चढवावा लागतो.

२,००० टनांच्या युनिटला मी अल्कलीचा मार्ग सुचवेन. आकाराने लहान असताना फ्लोराइडचा दोन टप्प्यांचा जलशुद्धी प्रकल्प डोईजड होतो.

मूसवाला

भुकटीवर मी बोलतो, कारण युनिट तगणार की बुडणार हे बऱ्याच अंशी तिथे ठरतं.

५ ते १० मायक्रॉनची ९५ टक्के भुकटी पोलादात कार्बन वाढवायला, ब्रेकच्या पॅडमध्ये, वंगणात, पेन्सिलीत, बॅटरीच्या इतर प्रकारांत जाते. गिऱ्हाईक आहे, पण भाव कॉन्सन्ट्रेटच्या जवळपास किंवा खाली. पोलादवाले ती सुटी घेत नाहीत, उडते म्हणून. गोळ्या किंवा ब्रिकेट करून द्याव्या लागतात. हिशोबात भुकटीला कॉन्सन्ट्रेटच्या निम्मा भाव धरा. त्या भावातही ताळेबंद बसत असेल तरच पुढे जा.

एक क्रमाची गोष्ट. शुद्धीकरण गोल करण्याच्या आधी करू नका. निम्म्या मालावर आम्ल आणि पाणी खर्च करून मग तो भुकटीत फेकणं परवडत नाही.

आणि मोठा फ्लेक बॅटरीसाठी घेऊ नका. ५० मेशच्या वरचा, म्हणजे तीनशे मायक्रॉनहून मोठा फ्लेक मुशींना, मॅग्नेशिया-कार्बन विटांना आणि फुगवलेल्या ग्राफाइटला जातो, तिथे त्याला दीड-दोनपट भाव मिळतो. मूस बनवणाऱ्यांना मोठा फ्लेक हवा कारण तो भिंतीत एका दिशेने बसतो आणि उष्णता वाहून नेतो. मादागास्करचा माल या कामासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ जगभर जातो आहे. पूर्व किनाऱ्याकडचा तिथला दगड पावसाने कुजून मातीसारखा मऊ झालेला, म्हणून सुरुंग लावावा लागत नाही, फ्लेक अखंड राहतो. तोच फ्लेक गिरणीत घालून वीस मायक्रॉन करणं म्हणजे खाणीने राखलेली किंमत आपण मोडणं. बॅटरीला १०० मेशखालचा स्वस्त माल पुरतो, आणि बालामात बहुतांश तोच निघतो. बॅटरीसाठी बालामा आणि मुशीसाठी मादागास्कर, अशी विभागणी खनिजानेच करून ठेवली आहे.

नाकाला_वाट

देशनिवडीबद्दल आणि "खाणीवरच का नाही" याबद्दल.

बालामा उत्तर मोझांबिकच्या काबो देलगादो प्रांतात आहे. पेम्बा बंदर साधारण अडीचशे किलोमीटर, नाकाला बंदर पाचशेच्या आसपास. माल ट्रकने येतो, एक टनाच्या जम्बो पिशव्यांत. ग्राफाइट हलकं असतं, घनमीटरला अर्धा टन किंवा जरा वर, त्यामुळे वीस फुटी कंटेनर वजनाने भरण्याआधी जागेने भरतो. नाकाला ते न्हावा शेवा हा समुद्रमार्ग चीनच्या मार्गापेक्षा बराच जवळचा आहे, पण थेट जहाज दरवेळी मिळेल असं धरू नका. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, त्यात ट्रक अडकतात. दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवावा लागेल.

२०१७ पासून या प्रांतात सशस्त्र बंडखोरी आहे. जून २०२२ मध्ये अंकुआबे भागातल्या एका ग्राफाइट प्रकल्पाच्या जागेवर हल्ला होऊन माणसं मारली गेली. बालामावर मात्र उत्पादन थांबलं ते वेगळ्या कारणाने. पुनर्वसनाच्या शेतजमिनीवरून स्थानिक शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर देशभर असंतोष पेटला, त्यात वाट अडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये बालामा चालवणाऱ्या सिराह रिसोर्सेसने पुरवठ्याची हमी पाळता येत नसल्याचं जाहीर केलं. उत्पादन जून २०२५ मध्ये परत सुरू झालं. मोझांबिकमध्ये जमीन सरकारची असते, लोकांकडे वापराचा हक्क असतो, त्याला तिथे द्युआत म्हणतात. कागद नसला तरी वर्षानुवर्षं कसणाऱ्याचा हक्क कायद्याने मानला जातो. कंपनी परवाना घेते आणि कसणाऱ्याला बदली शेत देते. त्या शेतात कसावा-मका नीट येत नसेल तर कुटुंबाची उपासमार होते, आणि वाट अडवण्याशिवाय त्याच्या हातात दुसरं काही उरत नाही. खरेदीदाराने ही बाब पुरवठ्याच्या जोखमीत धरायलाच हवी, आणि ती माणसं आहेत म्हणूनही. पुनर्वसनाचा आणि तक्रार निवारणाचा ताजा अहवाल करारासोबत मागा.

त्याआधीही बालामा पूर्ण क्षमतेने चालत नव्हती. २०२२ मध्ये सुमारे १,६३,००० टन, २०२३ मध्ये ९३,००० टनांच्या आसपास. चीनमध्ये कृत्रिम ग्राफाइटची क्षमता गरजेपेक्षा कितीतरी जास्त झाली, भाव कोसळले आणि खाण थांबत-थांबत चालवावी लागली. थांबून सुरू झालेल्या खाणीचे पहिले काही घाणे घेऊ नका, प्रतीला स्थिर व्हायला वेळ लागतो.

टांझानियात महेंगे, एपांको, लिंडी जम्बो असे बरेच साठे आहेत. महेंगेच्या साठ्यात साधारण ८ टक्के ग्राफाइट आहे पण फ्लेक मोठा आणि स्वच्छ, कोरियाची पोलाद कंपनी पॉस्को तिथे गुंतली आहे. लिंडी जम्बोचा साठा लहान पण १८ टक्क्यांच्या जवळचा. टांझानियात खाणीत सरकारचा किमान १६ टक्के मोफत हिस्सा असतो, २०१७ पासून. मलावीतलं कसिया वेगळंच आहे. तिथे रुटाइल (टायटॅनियमचं खनिज) मुख्य, ग्राफाइट दीड टक्क्याहून कमी, पण माती मऊ असल्याने ते जोडउत्पादन म्हणून स्वस्तात निघू शकतं. रिओ टिंटोने २०२३ मध्ये त्यात गुंतवणूक केली. आज हातात माल हवा असेल तर मात्र मोझांबिक आणि मादागास्कर हीच मुख्य नावं.

आता खाणीवर का नाही. बालामाला राष्ट्रीय वीजवाहिनीचा भक्कम आधार नाही, डिझेलवर चालतं. डिझेल वाचवायला ११.२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प जोडला आहे, पण तो दगड दळायला आणि फ्लोटेशनला हातभार लावतो. आम्ल, पिच, नायट्रोजन सगळं बाहेरून आणायचं, गाळ टाकायला जागा करायची, आणि मग तयार माल परत त्याच रस्त्याने न्यायचा. म्हणून सिराहने पुढची प्रक्रिया अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात विडालियाला नेली, वर्षाला ११,२५० टनांची, २०२४ मध्ये सुरू झालेली.

गाळणी

नाकाला_वाट, शेवटच्या परिच्छेदाशी मी अर्धाच सहमत आहे. शुद्धीकरण आणि लेप खाणीवर नको, हे बरोबर. पण गोल करणं शक्य आहे. त्याला आम्ल लागत नाही, वीज आणि हवा लागते. उतारा ४५ टक्के असेल तर निम्म्याहून जास्त वजन ट्रकवर आणि जहाजावर चढतच नाही. शिवाय किमतीचा जास्त वाटा त्या देशात राहतो, तिथल्या लोकांना कुशल काम मिळतं. बंदराजवळ, नाकालाला, जिथे वाहिनी पोहोचते तिथे हे करता येईल. नाकाला रेल्वेने मलावीशी जोडलेलं आहे, म्हणजे पुढेमागे कसियाचा मालही तिथेच येऊ शकेल.

नाकाला_वाट

बंदरावर, हो. त्याला माझा विरोध नाही. अडचण भुकटीची राहते. उत्तर मोझांबिकात पोलाद कारखाना नाही, ब्रेक पॅडचा नाही. निम्मी भुकटी विकायला परत जहाजच लागेल, तेव्हा भाड्याची बचत तुम्ही म्हणता त्याहून कमी. ग्राफाइटची धूळ वीजवाहक असते, तेव्हा विजेच्या कपाटांना दाबाखालची स्वच्छ हवा द्यावी लागेल, नाहीतर पॅनेल एकामागून एक जळतील. खारी हवा त्यात भर घालते. अशक्य नाही, पण उतारा ४५ च्या वर आणि भुकटीचा खरेदीदार आधी ठरलेला, या दोन अटी पाहिजेतच.

विजेरी

म्हणजे मला गोल केलेला कच्चा माल नाकालाहून मिळाला तर तो बरा, नाही तर सध्या कॉन्सन्ट्रेटच आणायचं. ठीक. आता नमुन्याबद्दल. पुरवठादाराने "स्थिर कार्बन ९५.२, एलओआय पद्धतीने" असं प्रमाणपत्र पाठवलं, तर त्यावर विसंबावं का?

गाळणी

एकट्या त्यावर नाही. एलओआय म्हणजे माल तापवायचा आणि वजनात घटलेलं सगळं कार्बन मानायचं. पण कॅल्साइट असेल तर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघतो: एक टक्का कॅल्साइट म्हणजे ०.४४ टक्के खोटा कार्बन. अभ्रकातलं पाणी निघतं, वजनाच्या चार-पाच टक्के. पायराइटचं गंधक जातं. सगळी बेरीज कार्बनच्या नावावर पडते. त्याऐवजी ग्राफाइट कार्बनची चाचणी मागा: आधी हायड्रोक्लोरिकने कार्बोनेट काढतात, मग सौम्य तापवून सेंद्रिय कार्बन, आणि मग उरलेलं जाळून वायू मोजतात.

त्यासोबत राखेचं पृथक्करण हवं: सिलिका, ॲल्युमिना, लोह, कॅल्शियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, गंधक. आम्ल किती लागेल ते यावरून ठरतं. ९५.२ टक्क्यांचे दोन माल असतील, एकाची राख सुटी गारगोटी आणि दुसऱ्याची थरातलं अभ्रक, तर शुद्धीकरणाचा खर्च सारखा येणार नाही. शक्य असेल तर नमुना रेझिनमध्ये बसवून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली बघा. राख कणाबाहेर आहे की थरात, ते एका चित्रात कळतं. चाळणीचा निकाल ओल्या चाळणीचा मागा, कोरड्या चाळणीत फ्लेक आडवे पडून भोकं झाकतात आणि माल खरा आहे त्याहून जाड दिसतो. ओलावा अर्ध्या टक्क्याच्या आत हवा.

भट्टीकर

पुढची गोष्ट मात्र कुठल्याच प्रमाणपत्रात येत नाही. सेल बनवणारा तुमचा माल घेईल तो पात्रतेच्या चाचण्यांनंतर: आधी किलोंमध्ये, मग शेकडो किलोंमध्ये, मग प्रत्यक्ष उत्पादनाच्या ओळीवरून निघालेल्या टनांमध्ये. प्रत्येक टप्प्यात सेल शेकडो वेळा चार्ज-डिस्चार्ज होतात. ग्रॅममागे क्षमता ३६० मिलिअँपिअर-तासाच्या आसपास हवी, सैद्धांतिक कमाल ३७२ आहे. पहिल्या फेरीची कार्यक्षमता ९२ ते ९५ टक्के. चुंबकीय अशुद्धी एक पीपीएमच्याही (दहा लाखांत एक भाग) बरीच खाली, कारण लोखंडाचा एक कण पडद्यातून आरपार गेला तर सेल आतल्या आत शॉर्ट होतो. यात दोन-तीन वर्षं सहज जातात. विडालियाचंच बघा: टेस्लाशी करार डिसेंबर २०२१ मध्ये, उत्पादन २०२४ मध्ये, आणि २०२५ मध्ये नमुने मान्य होण्यावरून टेस्लाने नोटीस दिली, मुदत एकाहून अधिक वेळा वाढवावी लागली. खाण स्वतःची, कर्ज अमेरिकी सरकारचं, तरी हे टाळता आलं नाही. तुमच्या खर्चाच्या तक्त्यात तीन वर्षं पगार आणि व्याज जातंय पण विक्री नाही, अशी ओळ आधी लिहा. पैसे नेमके कुठे बुडतात, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच आहे.

यंत्रांबद्दलही एक. गोल करण्याच्या आणि लेपाच्या ओळी मुख्यतः चीनमध्ये बनतात. चीनने डिसेंबर २०२३ पासून ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲनोड बनवण्याच्या यंत्रांवरही नियंत्रण जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात वर्षभरासाठी स्थगित केलं. ऑर्डर द्यायची असेल तर वर्गीकरणाची चाकं, अस्तर आणि भट्टीचे सुटे भाग दोन वर्षांचे एकदमच मागवा.

विजेरी

हे सगळं कागदावर उतरवतो आहे. शेवटचं: चाचणीसाठी नमुना किती आणि कसा मागवू?

गाळणी

पाच किलोच्या डब्यावर काहीही ठरवू नका. तो कोणीही निवडून पाठवतो. प्रयोगशाळेसाठी २० किलो आणि गोल करण्याच्या चाचणीसाठी किमान एक टन मागा, कारण गिरण्यांची ओळ भरायलाच काही शे किलो जातात आणि स्थिर झाल्यानंतरचाच उतारा खरा. टन एका पिशवीतून नको. तीन वेगळ्या महिन्यांच्या घाण्यांतून, त्यातला एक पावसाळ्यातला, प्रत्येकी साडेतीनशे किलो, पिशवीवर घाण्याचा क्रमांक आणि पिटचा भाग लिहिलेला. तीनही वेगवेगळे चालवा, मिसळू नका. तिघांच्या उताऱ्यात पाच टक्क्यांहून जास्त तफावत आली तर ती खाण तुमच्यासाठी नाही, भाव कितीही चांगला असला तरी.

मूसवाला

आणि त्या टनातून निघणारी भुकटी फेकू नका. पाचशे किलो भरेल. ती पोलादवाल्याला आणि ब्रेक पॅडवाल्याला नमुना म्हणून त्याच आठवड्यात पाठवा, म्हणजे भावाचा लेखी आकडा हातात येईल.